गादीवरची हाक

नांदखोलच्या मठात गुरू गेले आणि गादी चंद्राक्कांकडे आली. अक्कांना अक्षर येत नव्हतं, पण दारचा माणूस त्यांनी कधी उपाशी धाडला नाही. मठातले पंडित हेरंबशास्त्री मात्र चारचौघांत म्हणाले, “गादीवर बाई शोभत नाही. उठा.”

अक्का लगेच उठल्या. “बसा बुवा. पण इथली रीत पाळायची. गादीवरच्यानं दारात जाऊन ‘कोण उपाशी आहे?’ अशी हाक द्यायची. ओ येईनाशी झाली की मगच आपण जेवायचं.”

“त्यात काय मोठं?” म्हणत शास्त्री ऐसपैस बसले.

त्या दिवशी नेमकी पुरणपोळी. पहिल्या हाकेला बाजारकरी आले, दुसरीला धनगर, तिसरीला तर अख्खं वऱ्हाड आलं. तुपाचा वास गादीपर्यंत येत होता. उन्हं कलली. चौथ्यांदा शास्त्रींनी दारात हाक दिली, “कोण उपाशी आहे?” आणि त्यांच्याच तोंडून निघालं, “मी आहे.”

अक्कांनी पान मांडलं. “मग या की. पण गादीवरच्याला अजून हाका द्यायच्यात. आत्ता जेवायचं तर गादी सोडावी लागेल.”

शास्त्रींनी गादीकडे पाहिलं, पोळीकडे पाहिलं आणि पाटावर बसले.

“अक्कामहाराज,” ते म्हणाले, “तूप जरा हात सोडून वाढा.”