मुलतानीतली जागा

"मग यातला कुठला घेऊ, अप्पा?"

शार्दूलने सतरंजीवर तीन इअरफोन मांडले होते. तिन्ही कानात खुपसायचे, रबरी बोंडांचे. भारीतले परवडत नाहीत, म्हणून ओळखीच्या दुकानातून वापरून बघायला आणलेले.

अप्पा म्हणजे आमचे गुरू. मिरजेत त्यांच्या माडीवर आम्ही काहीजण गाणं शिकायचो. त्या दुपारी मी आणि शार्दूल, दोघंच होतो.

"मला काय कळतंय त्यातलं?" अप्पा म्हणाले. "मला भाजीवाली फसवते."

"असं कसं, अप्पा? या पहिल्यात तबला ढोल बडवल्यागत वाजतो. दुसऱ्यात तानपुरा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. पण हा तिसरा... यात तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो!"

"श्वास इथं बसून ऐक की. फुकट आहे."

मी फिसकन हसले. शार्दूल हसला नाही. इअरफोनचं निमित्त होतं, त्याला खरी घाई वेगळीच होती.

रविवारी अप्पांच्या गुरूंच्या पुण्यतिथीची बैठक. आमच्याकडची रीत अशी, की अप्पा स्वतःचा तानपुरा ज्याच्या हाती देतील त्यानेच त्या दिवशी गायचं. बाकीच्यांनी मागे बसून सूर धरायचा. शार्दूल कित्येक वर्षं मागेच बसला होता. यंदा तानपुरा मिळाला नाही तर गाणं सोडून भावाच्या दुकानात बसेन, असं तो मला जिन्यात म्हणाला होता. थट्टेने नव्हे.

"तुमच्या हुबळीच्या मैफलीची, मुलतानी रागाची जुनी कॅसेट मिळाली मला," तो म्हणाला. "ती प्लेअरमध्ये उतरवून घेतली. तिच्यात गंधाराच्या स्वरावर एक जागा आहे. पहिल्या दोन इअरफोनांत कळतसुद्धा नाही. तिसऱ्यात सापडली. तेव्हापासून तीच घोटतोय."

गवयाची खास अशी एखादी लहानशी करामत, तिला आम्ही जागा म्हणतो. गुरूची जागा हुबेहूब उचलली की शिष्याचा जन्म सार्थकी लागला, असं आमच्यात मानतात.

"गा," अप्पा म्हणाले.

तो गायला. गंधारावर आला आणि आवाज मध्येच तुटला. क्षणभर काहीच नाही... मग तोच स्वर थरथरत, कसाबसा पुन्हा उभा राहिला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू, मेल्याने कमाल केली होती.

अप्पा पांढरेफटक पडले.

"परत."

तो परत गायला. तस्संच. केसाचाही फरक नाही.

"ही मी तुला शिकवली?"

"नाही ना! तुम्ही लपवून ठेवली होती. मी शोधून काढली."

अगं बाई, काय ती जीभ!

अप्पांनी हात पुढे केला. शार्दूलने तिसरा इअरफोन दिला. अप्पांना बोंडं कानांत बसवता येईनात. शेवटी मीच बसवून दिली. शार्दूलने प्लेअर सुरू केला.

अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले...

मग एकदम त्यांनी दोन्ही कानांतून ती ओढून काढली.

"त्या जागेच्या आधी मागे कुणीतरी बोलतं. ऐकलंस?"

"हो, पुटपुटतं कुणीतरी. मी तिकडे लक्षच दिलं नाही. तुमचाच स्वर धरून होतो."

"माझा भाऊ होता तो. पडद्याआडून आला आणि माझ्या कानाशी वाकला."

"काय म्हणाले ते?"

...

"'कुंदा गेली' म्हणाला. तिथेच माझा आवाज तुटला."

कुंदा म्हणजे अप्पांची मुलगी. लहानपणीच तापाने गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कधी, कशी, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

सतरंजीवर पडलेल्या बोंडांतून तरुण अप्पा बारीक आवाजात गातच होते. मी झडप घालून तो प्लेअर बंद केला.

"आणि तुम्ही... पुढे गात राहिलात?" शार्दूलने विचारलं.

"थांबलो असतो तर ते खरं झालं असतं."

शार्दूलने त्यांचे पाय धरले. "चुकलो, अप्पा. आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. पुन्हा ती जागा घेणार नाही."

"का बरं? चांगली आली. माझ्यापेक्षा सफाईने आली."

अप्पांच्या आवाजात राग नव्हता. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

शार्दूलचे डोळे वाहत होते, तरी त्याने विचारलंच. मला ऐकून धक्का बसला, पण बिचाऱ्याचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नात अडकलं होतं.

"मग रविवारी, अप्पा...?"

अप्पांनी आपला तानपुरा जवळ ओढला. त्याच्यावरून एकदा हात फिरवला. आणि त्याला गवसणी घालून वरची नाडी घट्ट बांधली.

शार्दूल त्या नाडीकडे बघत राहिला. हुंदका आवरत म्हणाला, "मग मी यायचं तरी कधी?"

"ती जागा ज्या दिवशी तुझ्याच्याने गाववणार नाही, त्या दिवशी ये."