दर्शनाची बाजू

"...मग या कातडीचे एवढे लाड कशाला करायचे, बुवा?" पद्माकरने विचारले.

अच्युतबुवा खाटेवर उताणे पडले होते. पावसाळ्यात मठाच्या पायरीवरून घसरले, तेव्हापासून त्यांचे उठणे नव्हते. पद्माकर त्यांचा पट्टशिष्य. संध्याकाळच्या प्रवचनाची तयारी तो त्यांच्या उशाशी बसूनच करी.

"लाड नको करूस," बुवा म्हणाले. "पण ती करते काय, ते तरी सांग."

पद्माकर खुलला. ग्रंथ त्याला तोंडपाठ होते.

"सात थर आहेत, बुवा. सगळ्यात वरचं तर मेलेलंच. झडतं, खालून नवं येतं. खाली घामाची छिद्रं, केसांची मुळं. आतलं पाणी आत राखायचं, बाहेरची घाण बाहेर. ऊन लागलं की घाम काढून अंग निववायचं. काही बोचलं तर आत कळवायचं. थोडक्यात, दारावरचा राखणदार! मालक आत बसलेला असताना राखणदाराला नमस्कार कोण करतो?"

बुवा हसले. "वाक्य चांगलं आहे. माना डोलतील."

"आपलीच कृपा."

"बरं, आता मला जरा कुशीवर वळव."

पद्माकर थबकला.

मठाची रीत होती, गुरूंच्या चरणांखेरीज अंगाला हात लावायचा नाही. तळपायांना रोज तूप लावून काशाची वाटी फिरे. बाकी अंग ओल्या फडक्याने पुढूनच पुसत, छाटी वरून पांघरत. आणि पाय कायम दाराकडे, येणाऱ्याला दर्शन घडावे म्हणून.

"बाहेर मंडळी ताटकळलीत, बुवा. कुशीवर वळलात तर दर्शन..."

"वळव रे."

त्याने भीत भीत खांद्याखाली हात घातला. अंगाखालची चादर पाठीला चिकटली होती. ती सुटली तसा कुबट वास आला. खांद्याच्या पात्याखाली तळहाताएवढी जागा काळी पडली होती. कडा ओल्या होत्या.

"बुवा... सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. पाठ फार दुखते रे, म्हटलं होतं."

"कधी?"

"तू दुःखावर प्रवचन केलंस ना, त्या दिवशी. म्हणालास, आज बुवांनी एका वाक्यात केवढा उपदेश केला... बायाबापड्या रडल्या. मला इथे ऐकू येत होतं."

पद्माकरला आठवले. तोही रडला होता.

"आता... फार दुखतं का?"

"नाही. आता तिथे काही कळत नाही."

"मग बरं..."

शब्द तोंडातून गेले, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आले.

बाहेर कुणीतरी खोकले. कुणी विचारले, "आत सोडताय ना?"

"भरून येईल ना, बुवा? कातडी आपली आपण भरून येते..."

"खरचटली तर येते. ही दडपून आतून गेली, पद्माकर."

पद्माकर खाटेच्या पायथ्याशी कोसळला. दोन्ही पाय घट्ट धरून त्याने त्यांवर डोके ठेवले. हुंदका आवरेना.

बुवा भिंतीकडे तोंड करून तसेच पडून राहिले...

मग हळूच म्हणाले, "पाय सोड, बाळा. पायांना काही झालेलं नाही."