मैनेने खाल्लेला घास

सखोबा महाराज बोरटेकला मुक्कामास होते, त्या सालची ही हकिगत. गावाबाहेर चिंचेखाली त्यांची मठी होती.

गावात धुरपदा नावाची साळ्याची विधवा राहत असे. नवरा गेल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कुणी नसताना तिला आवाज ऐकू येत, अन्नात कुणी विष कालवलंय असं वाटे. तिची लेक मैना नऊ वर्षांची. ती विळी-कोयता लपवून ठेवी, दीड वर्षांच्या भावाला सांभाळी आणि रोज आईसमोर भाकरीचा पहिला घास स्वतः खाऊन दाखवी. तेव्हा कुठे आई जेवे. आईची पावलं कशी वाजतात यावरून आजचा दिवस कसा जाणार, हे पोर ओळखत असे. हसणं मात्र ती विसरली होती.

गावचे त्र्यंबकशास्त्री विद्वान, पण ताठा मोठा. ते पारावर सर्वांदेखत म्हणाले, "बीजच किडकं. आज आई वेडी, उद्या ही." तेव्हापासून बायकांनी आपली मुलं मैनेजवळ जाऊ दिली नाहीत.

एके दिवशी मैना मठीत आली. तिनं काही मागितलं नाही. खाली मान घालून विचारलं, "महाराज, मीपण आईसारखी होईन का?"

महाराजांचे डोळे भरून आले. महाराज म्हणाले, "बाळ, हे भय दुसऱ्यांनी तुझ्या पदरात टाकलंय. ते इथं ठेवून जा. तू एकटी नाहीस."

हे कळताच शास्त्री हसले. गोड बोलण्यानं वेड थांबत असतं तर औषधं कशाला हवीत, असं ते गावभर सांगत सुटले.

चारच दिवसांनी, भर दुपारी, मैना पाणी घेऊन परतली तो घर रिकामं! आई नाही, झोळीत भाऊ नाही. विहिरीकडून गलका ऐकू आला. तिनं टोपलीतली भाकरी उचलली आणि ती धावत सुटली.

धुरपदा पोराला छातीशी धरून विहिरीच्या कठड्यावर उभी होती. लोक ओरडत होते, शास्त्री दोर आणा म्हणत होते आणि प्रत्येक हाकेसरशी ती मागे सरकत होती. आता वीतभरच दगड उरला होता. मैना पुढे होऊन आईसमोर खाली बसली.  तिनं भाकरी मोडली, घास तोंडात घातला आणि कसाबसा गिळला. आई नुसती बघत राहिली.

तोच शांत आवाज आला, "धुरपदे, लेकीनं घास खाल्लाय. आता तू खा."

धुरपदेनं मान वळवली. मग ती सावकाश खाली उतरली, तिनं पोर मैनेच्या मांडीवर ठेवलं आणि भाकरी घेतली. तो आवाज आणखी एकानं ऐकला होता. शास्त्रींच्या अगदी कानाशी आला होता तो. आवाज महाराजांचा वाटून त्यांनी वळून पाहिलं, तर मागे कुणी नव्हतं.

ते तडक मठीत गेले. शिष्य म्हणाला, महाराज मघाशी जेवता जेवता थांबले, हातातला घास त्यांनी पुढे केला आणि 'धुरपदे, लेकीनं घास खाल्लाय, आता तू खा' असं म्हणाले. पान अजून तसंच होतं.

शास्त्रींनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना उठवलं. "शास्त्रीबुवा, मी नुसता बोललो. विहिरीच्या काठाशी बसून घास गिळला तो त्या पोरीनं. आईचं दुखणं एका दिवसात जाणारं नाही. पण रोज दुपारी तुमच्या घरचं कुणी धुरपदेपाशी बसलं, तर मैनेला खेळायला सवड मिळेल."

दुसऱ्या दिवशी शास्त्री स्वतः सुनेला घेऊन धुरपदेच्या दारी गेले. दार मैनेनं उघडलं. शास्त्रींनी पागोटं उतरवून हातात घेतलं आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीपुढे मान लववली.