हैबतीनं जोड दिली

काजळवाडीत हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. "जरा थांब" म्हटलं, तर कुणी न्यायला येईपर्यंत थांबायचा. अशा माणसाकडे आप्पा भोइट्यांनी लेकीच्या लग्नातलं इंटरनेट सोपवलं. कारण बाकी सगळ्यांना फेटे बांधायचे होते.

लेक कस्तुरा हट्टी. तिचा दादा जहाजावर खलाशी, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. "पडद्यावर दादा दिसल्याशिवाय मी हार घालणार नाही," असं तिनं सांगून टाकलं होतं. कार्यालयात वायफाय होतं. पण पाहुणे आठशे आणि फोन नऊशे. म्हणून आप्पांनी मोबाईल नेटची एक डबी आणली.

"उंचावर ठेव रे. उंचावर रेंज येते."

हैबतीनं डबी कपाटावर ठेवली. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे आजोबा म्हणाले, "मला इथून काही ऐकू येत नाही." हैबतीनं पाच खुर्च्यांची चवड लावली आणि आजोबांना उचलून वर बसवलं.

"आता येतंय का ऐकू?"

"येतंय, मेल्या! आधी खाली उतरव!"

"बघा, आली रेंज!"

आप्पा धावत आले. "अरे शहाण्या, ऐकू येत नसलं तर जवळ जाऊन मोठ्यानं ओरडायचं असतं!"

बरं, म्हणाला हैबती. थोड्या वेळानं डबी बंद पडली. हैबती कपाटावर चढला, डबीला तोंड लावलं आणि बोंबलला, "ओ डबीबाई! नेट सोडा!" सनईवाला दचकून थांबला.

आप्पांनी कपाळाला हात लावला. "ओरडून काय होतंय? अडकलं की बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, मग चालू करायचं."

तसं केलं आणि डबी सुरू झाली. मुहूर्त जवळ आला होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि भटजींना ठसका लागला. हैबतीनं त्यांच्या तोंडावर गच्च हात दाबला. "एक... दोन... तीन..." सातापर्यंत भटजी जांभळे झाले. आप्पांनीच त्यांना सोडवलं.

अंतरपाट दूर झाला. पडद्यावर दादा दिसला आणि तोंड उघडं ठेवूनच थिजला. कस्तुरा हार धरून उभी. हात खाली येईना, वर जाईना. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हैबती, एकट्या डबीला भार पेलत नाही. कार्यालयाच्या नेटची जोड दे! दोन्ही लाव. म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहील."

हैबतीनं दोन्ही जोडली. जन्मात पहिल्यांदा बरोबर केलं. दादा लख्ख दिसला, हार पडले, अक्षता उडाल्या. कस्तुरा हसता हसता रडली. आप्पांनी हैबतीला मिठीच मारली.

दादा जहाजावरून ओरडला, "भाऊजी, जपून हं! आमची कस्तुरा लय अवघड. तुम्हाला एकट्याला पेलायची नाही!"

सगळा मांडव हसला. हैबती हसला नाही. तो तडक पंगतीत गेला. तिथं नवऱ्याचा चुलतभाऊ जिलेबी खात होता. त्याचं तीन वर्षं कुठं जमत नव्हतं, त्यामुळे तोही मुकाट आला. हैबतीनं त्याला मुंडावळ्या बांधल्या, नवऱ्याशेजारी उभं केलं आणि पडद्याकडे बघून हात उंचावला.

"काळजी नको दादा, जोड दिली! आता एक बंद पडला तरी दुसरा चालू राहील!"