चोचभर मुळी

आशियाभरचे पक्षी हिवाळ्यात एकाच तळ्यावर उतरत, त्या फार जुन्या काळातली गोष्ट. तळ्यातलं म्हातारं कासव तापाने फणफणलं होतं. मंगोलियाचा क्रौंच, चीनचा इवलासा धोबी पक्षी आणि इथला बगळा औषध करायला बसले. तिघांनी मिळून कृती ठरवली : करवंटीभर पाण्यात चोचभर मुळी. काढा पाळीपाळीने करायचा.

क्रौंचाच्या काढ्याने कासव दोन दिवस शुद्धीवरच आलं नाही. धोब्याच्या काढ्याने काहीच झालं नाही. बगळ्याच्या काढ्याने नुसती उचकी लागली.

“कृती तीच, मग असं कसं?” क्रौंच चक्रावला.

“तुम्ही मुळी शिळी आणलीत,” धोबी म्हणाला.

“आणि तुम्ही ती नीट कुटली नाहीत,” बगळा त्याच्यावर डाफरला.

कासवाने उचकी आवरत विचारलं, “अहो, चोचभर म्हणजे कुणाची चोच?”

तिघांनी पहिल्यांदाच एकमेकांच्या चोचींकडे नीट पाहिलं. मग बगळ्याने एक शिंपला मध्ये ठेवला. “आजपासून सगळ्यांचं माप हेच.”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

“पण,” धोब्याने हळूच विचारलं, “सपाट की शिगोशीग?”

“ठरलं की पाठीवर टकटक करा,” कासव म्हणालं, “एकदाच.” आणि त्याने डोकं आत ओढून घेतलं.