बास न वाजवलेली वीस मिनिटे

एकदा एका छोट्या बँडमधला कीबोर्डवाला नोकरीसाठी परगावी निघून गेला. मागे तिघे उरले: गिटार वाजवत गाणारी एक तरुणी, एक ड्रमवादक आणि बास गिटार वाजवणारा एक शिष्य. एकेकाळी ऑर्केस्ट्रात बास वाजवलेल्या एका वृद्ध गुरुजींकडे तो सात वर्षे शिकत होता.

कीबोर्ड गेल्यावर गाणी पोकळ वाजू लागली. तरुणी स्पष्टवक्ती होती. "रविवारच्या कार्यक्रमात असंच वाजलं, तर आपण नवा कीबोर्डवाला घेऊ," ती म्हणाली. "तो डाव्या हाताने बासही वाजवेल. मग तुझं काय करायचं?"

शिष्याचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. त्याने इफेक्ट पेडल जमवायला सुरुवात केली. पायाने दाबायच्या या डब्या. एक स्वराला खरखर आणते, दुसरी वरच्या सप्तकाची जोड देते, तिसरी स्वर पसरवते. बघता बघता पाच झाल्या. खोलीचे दार लावून तो बटणे फिरवत बसे. असा नाद निघू लागला की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. गड्याला ती दाद वाटली.

तालमीत मात्र पाचही पेडल दाबले की नुसता चिखल होई. गाण्याचे शब्द बुडत, आणि ज्या खालच्या स्वरावर ड्रम टेकायचा तोच नाहीसा होई. मग हा बटणे आणखी फिरवी.

रविवारी दुपारी साऊंडचेकसाठी, म्हणजे सभागृहात आवाज जुळवून पाहायला, त्यांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली. शिष्याने गुरुजींना सोबत आणले होते. केबल जोडता जोडता तो म्हणाला, "गुरुजी, कुठलं बटण किती ठेवू, तेवढं फक्त सांगा."

गुरुजींनी त्याच्या गळ्यातली बास काढून स्टँडवर ठेवली, मनगट धरून त्याला शेवटच्या रांगेत नेऊन बसवले आणि रंगमंचाकडे पाहून ओरडले, "तुम्ही दोघं वाजवा! हा ऐकणार आहे."

"गुरुजी, वीसच मिनिटं आहेत!"

"म्हणूनच. बस."

पहिले गाणे संपले. शिष्य घड्याळ बघत होता, पाय हलवत होता, मनात गुरुजींवर चडफडत होता. दुसऱ्या गाण्याला तो उठलाच. गुरुजींनी शर्टाला धरून खाली ओढले.

"तू कुठे हवासा वाटतोस, ते सांग."

"सगळीकडे!" तो फणकारला.

"नीट ऐक."

तिसरे गाणे सुरू झाले. तरुणी गात होती, गिटारवर सूर धरून होती. कडवे संपताच ती वरच्या तारांवर एकेरी तान घेऊ लागली, आणि शिष्य खुर्चीच्या कडेवर सरकला.

"इथे," तो म्हणाला. "खाली माझा साधा स्वर तर कायमच हवा. पण आत्ता मधल्या सुरांतही कुणी नाहीये."

"घरी बटणं लावलीस तेव्हा खोलीत तू एकटा होतास," गुरुजी म्हणाले. "एकट्यानेच सगळं भरून टाकलंस. इथे माणसं आहेत, बाबा. ती गाते तेव्हा मधली जागा तिची. तू शिरलास की दोघंही बुडता. ती वर गेली की तेवढ्यापुरता तिथे जा. पण खालचा स्वर सोडू नकोस, त्यावर ते दोघं उभे आहेत. आणि ती परतली की निघ."

चार मिनिटे उरली होती. शिष्याने चार पेडल काढून टाकले. उरलेल्या एकात त्याने साधा स्वर आणि खरखर निम्मी निम्मी ठेवली. वाजवून पाहिले, तर सर्दी झाल्यासारखा आवाज आला.

"हे वाईट वाजतंय, गुरुजी!"

"एकटंच वाजतंय ना, म्हणून."

संध्याकाळी कार्यक्रमात ती तान आली. शिष्याने पेडल दाबले आणि सभागृह काठोकाठ भरले. ड्रमवादकाने चमकून वर पाहिले. तान संपत आली. शिष्याला तो भरलेला नाद सोडवत नव्हता. पाय पेडलवर अधांतरी राहिला. तरुणी माइककडे वळली, आणि त्याने पेडल बंद केले. तिच्या कडव्याचा पहिला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचला.

कार्यक्रमानंतर केबल गुंडाळताना तिने विचारले, "मंगळवारी सातला तालीम. जमेल?"

"कोण कोण?" त्याने चाचरत विचारले.

"आपण तिघं," ती म्हणाली आणि केबलचे दुसरे टोक त्याच्या हातात दिले.