विजेची कढई

तीन फ्रायरमधून एक निवडायचा, पण तेलाचा थेंब ओतायचा नाही आणि बटणही दाबायचं नाही! कुसूरच्या राजेसाहेबांनी हा हुकूम सोडला, तेव्हा स्वयंपाकीण तान्हुबाईला हसावं की रडावं ते कळेना. राजेसाहेबांचं राज्य आता बंगल्याच्या फाटकापर्यंतच उरलं होतं, हुकूम मात्र पूर्वीच्याच थाटाचे. कारण काय, तर एकदा वापरलेली वस्तू सरकार विकत घेत नाहीत.

ही अक्कल दिवाणजींची. दिवाळी तोंडावर आली होती आणि बावीस वर्षं चुलीपुढे घाम गाळणाऱ्या तान्हुबाईच्या जागी त्यांना आपली मेहुणी बसवायची होती. निवडीचं कारण सरकारांना पटलं नाही, तर बाईने गाशा गुंडाळायचा, असंही त्यांनी ठरवून घेतलं होतं.

तीन दुकानदार आपापला फ्रायर घेऊन सरकारांपुढे हजर झाले. एकाच्या झाकणाला काचेची खिडकी होती, दुसऱ्याचा फ्रायर चकली झाली की घंटा वाजवायचा. तिसरा अगदीच साधा. दिवाणजी खिडकीतून आत डोकावत माना डोलवत होते. जन्मात स्वतःचा पापड तळला नव्हता, पण ऐट अशी की जणू आचाऱ्यांचे गुरू!

तान्हुबाईने खिडकीकडे पाहिलं नाही की घंटेकडे. ती म्हणाली, "तिघांनी आपापला फ्रायर मोरीत आणा आणि घासून दाखवा. पाणी ओतू नका असं सरकार म्हणाले नाहीत."

खिडकीवाल्याचा चेहरा पडला. तेलाचं भांडं आतच पक्कं बसवलेलं, पाणी गेलं तर यंत्र बिघडेल, म्हणून फडक्याने पुसायचं, असं तो पुटपुटला. घंटावाल्याचीही तीच रड. तिसऱ्याने मात्र भांडं उचलून बाहेर काढलं, नळाखाली धरलं आणि राख मागितली.

"हाच घ्या," तान्हुबाई म्हणाली.

"पण यातली चकली कुरकुरीत होते कशावरून?" दिवाणजी फिस्कारले.

"चकलीची भाजणी मी करते, दिवाणजी, फ्रायर नाही. बोंबील तळून नुसतं पुसलेल्या भांड्यात देवाच्या नैवेद्याचे अनारसे तळायचे असतील, तर तुमचा खिडकीवाला घ्या. देवाला वास आला, तर काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

सरकारांना मोठ्याने हसू फुटलं. साधा फ्रायर घ्यायचं ठरलं, तान्हुबाईची जागा कायम झाली आणि वर एक इरकली लुगडं मिळालं.

"आणखी काही हवं?" सरकारांनी विचारलं.

"निवडायचं काम मी केलं, सरकार. रोज घासायचं कुणी, तेवढं आपण निवडा."

सरकार पोट धरून हसले आणि त्यांनी दिवाणजींकडे बोट दाखवलं.